नोंदवहीत नसलेला रकाना

भूजलाची तपासणी हा माझा व्यवसाय. काही वर्षांपूर्वी हैदराबादजवळच्या पाटणचेरू परिसरात आम्ही एक विंधनविहीर घेत होतो. कारखान्यांच्या सांडपाण्यामुळे तेथील भूजल दूषित झाले होते. ते दूषण किती खोलवर पोहोचले, हे आम्हांला पाहायचे होते.

यंत्र सुरू होताच शेजारच्या माणसाचे बोलणेही ऐकू येईना. तेथील खडक ग्रॅनाइटचा. दाबाने सोडलेली हवा खडकाचा भुगा वर फेकीत होती. मी नाकाला रुमाल बांधून, वारा पाठीशी घेऊन दूर उभा होतो. यंत्राजवळचे दोघे मजूर मात्र भुवयांपर्यंत पांढरे झाले होते. पायांत साध्या चपला; एकाच्या गळ्यात लांब पंचा.

दुपारी नवा रॉड जोडताना त्या पंच्याचे टोक फिरत्या रॉडमध्ये गुंतले. चालकाने तत्क्षणी यंत्र थांबवले. पंचा फाटला, म्हणून माणूस वाचला. त्याच्या मानेवर लाल वळ उमटला होता. काही झाले नाही, असे म्हणत तो पुन्हा कामाला लागला आणि मीही त्याला थांबवले नाही.

रात्री नोंदवही उघडली. खोली, खडकाचा प्रकार, पाण्याची पातळी, रंग, वास हे सारे रकाने भरलेले होते. त्या वळासाठी मात्र रकानाच नव्हता. वळ निदान दिसत तरी होता, धुळीचे काय? ग्रॅनाइटच्या धुळीतील सिलिकाचे सूक्ष्म कण फुप्फुसात रुततात. साधा रुमाल त्यांना अडवू शकत नाही. त्यातून जडणारा सिलिकोसिस पूर्ण बरा करणारे औषध आजही नाही. पाण्यातील विष शोधायला गेलेले आम्ही माणसाच्या श्वासात जाणारे विष पाहत नव्हतो.

आता काम सुरू करण्यापूर्वी मी प्रथम वर पाहतो. यंत्राचा उभा मनोरा विजेच्या तारेला लागला, तर क्षणात प्राण जातात. जमिनीखाली केबल नाही ना, याची खात्री करून घेतो. धूळ बसवायला पाणी, योग्य मुखपट्टी, बूट व कानांचे संरक्षक यांवाचून यंत्र चालू करू देत नाही. गळ्यातील पंचा बाजूला ठेवायला लावतो. यात वेळ जातो, ठेकेदार कुरकुरतो. तरीही नोंदवहीत मी हाताने एक रकाना आखतो. त्यात कामावर आलेल्या प्रत्येकाचे नाव असते आणि संध्याकाळी तो सुखरूप परतल्याची खूण.