खर्जातली हुकमत

वॉकिंग बेस म्हणजे मात्रेला एक सूर. बारच्या चार मात्रा, चार सूर, आणि गाणं संपेपर्यंत न थांबता चालायचं. ऐकणाऱ्याचं बहुधा तिकडे लक्षही नसतं. थांबलं की मात्र सगळ्यांच्या माना वळतात. मी डबल बेस वाजवतो (हे धूड घेऊन मुंबईच्या लोकलमध्ये चढता येत नाही, हे पहिलं दुखणं). वॉकिंग बेसच्या या चालण्यात हुकमत किती असते, हे मी जॅझ बेसवादक रॉन कार्टरच्या रेकॉर्ड ऐकून शिकलो.

समजा, पियानोवाल्यानं सी, ई, जी हे सूर धरलेत. खाली मी सी दिला तर तो साधा सी मेजर कॉर्ड. ए दिला, की त्याच सुरांचा ए मायनर सेव्हन्थ होतो. पियानोवाल्याचं बोटसुद्धा हललेलं नसतं! कार्टर हे हेतुपुरस्सर करतो. कान ज्या सुराची वाट पाहत असतो तो उशिरा देतो, कधी देतच नाही.

त्याचा जन्म १९३७चा, मिशिगनमधल्या फर्नडेलचा. दहाव्या वर्षी हातात आला तो चेलो. डेट्रॉइटच्या कॅस टेक शाळेत असताना काळ्या चेलोवादकाला कुणी विचारत नाही हे लक्षात आलं आणि त्यानं बेस धरला. पुढे तो ईस्टमन संगीतविद्यालयात शिकत असताना ह्यूस्टन सिंफनीचा कंडक्टर लिओपोल्ड स्टोकोव्स्की याला त्याचं वादन आवडलं. पण ह्यूस्टनचे कारभारी काळा माणूस घेणार नाहीत, हेही त्यानंच सांगून टाकलं. १९५९ला पदवी मिळाली. सिंफनीचं दार बंदच होतं, मग जॅझ.

१९६३ला ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसनं त्याला आपल्या बँडमध्ये बोलावलं. ड्रमवर टोनी विल्यम्स, वय सतरा. पियानोवर हर्बी हॅन्कॉक, नंतर सॅक्सोफोनवर वेन शॉर्टर. त्यांची १९६७ची ‘नेफर्टीटी’ ही रचना ऐकावी. ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन तीच चाल पुन्हा पुन्हा वाजवतात, सोलो घेतच नाहीत. तबल्याच्या सोलोत लेहरा धरून ठेवतात ना, तसं. खेळ सगळा खाली चाललेला. विल्यम्स पेटत जातो आणि कार्टर मधल्या जागा मोकळ्या सोडतो. डाव्या हाताच्या पकडीत जेमतेम दोन सेमीटोन मावणाऱ्या, पडदे नसलेल्या वाद्यावर हे सुरात करायचं!

१९६८ला त्यानं तो बँड सोडला. १९९१ला अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट या गटाच्या हिप-हॉप अल्बममध्येही वाजवलं. २०१५ला गिनेसनं त्याच्या २,२२१ ध्वनिमुद्रणांची नोंद केली.

त्या ढिगातलं सगळंच मला आवडतं असं नाही. १९७०च्या दशकात वाद्याला आवाज विजेवर मोठा करणारा पिकअप लागला आणि लाकडाचा आवाज जाऊन रबरासारखा ताणलेला, लांबत जाणारा आवाज आला. बऱ्याच बेसवाल्यांना तो आवडतो. मी त्या रेकॉर्ड लावतो ते त्यानं कोणत्या कॉर्डखाली कोणता सूर दिला, तेवढं टिपून घ्यायला.