जकातीच्या मेजावर

आखातातील एका राज्याच्या विमानतळावर, डिसेंबरातील एका उत्तररात्री, माझ्या आईने मरोळच्या गावठाणातून निगुतीने बांधून दिलेली मसाल्याची बाटली तेथील जकात-अंमलदाराने माझ्यादेखत जप्त केली, या गोष्टीला आता पुष्कळ वर्षे लोटली. तरी नाताळ जवळ आला की तो प्रसंग मला पूर्वीइतकाच झोंबतो.

आम्ही ईस्ट इंडियन. पोर्तुगीज अमदानीत ख्रिस्ती झालेले साष्टीचे मराठी भूमिपुत्र, आणि 1887 साली, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, हे इंग्रजी नाव स्वतःहून धारण केलेले. हे अंधेरी-मरोळकडच्यांना सांगावयास नको. सांगावयाचे आहे ते बॉटल मसाल्याविषयी. एप्रिल-मेच्या उन्हात मिरच्या, धने, तीळ, खसखस, नागकेशर, दगडफूल, इतकेच काय गहू आणि हरभरेसुद्धा वाळवून, भाजून, उखळात मुसळांनी कुटून सिद्ध होणारे ते चूर्ण प्रकाशापासून जपण्यासाठी तपकिरी बाटलीत ठासून भरावयाचे, ही आमची कुलपरंपरागत रीत; आणि गावठाणात तपकिरी बाटली म्हणजे बियरची रिकामी बाटली, दुसरी कोणती असणार?

आईने बाटली उकळत्या पाण्याने धुतली होती, कागदी लेबल खरवडून काढले होते. परंतु बुडाशी काचेतच उमटलेले मद्यकारखान्याचे नाव तिला थोडेच खरवडता येणार होते! मद्यबंदीच्या त्या राज्यात अंमलदाराचे बोट नेमके त्या अक्षरांवर थांबले. मी मोडक्या अरबीत ‘बहारात, बहारात’ म्हणून मसाला असल्याची ग्वाही दिली. बूच काढून दाखविले. मसाला पिशवीत ओतून बाटली आपणच ठेवून घ्यावी, अशीही विनंती केली. त्यावर, बाटलीबाहेर आलेली ही तांबडी पूड कसली, असा नवाच सवाल उभा राहिला. बाटलीत होता तोवर मसाला मद्याच्या संशयात, आणि बाटलीबाहेर त्याहून घोर संशयात! वरिष्ठ आला, नोंदवहीत काही मजकूर लिहिला गेला, आणि मला न वाचता येणाऱ्या त्या मजकुराखाली माझीच सही घेण्यात आली. बाटली गेली याहून ती सही मला अधिक लागली. अंमलदार उद्धट नव्हता, हे मात्र कबूल केले पाहिजे. उद्धट असता तर त्याच्यावर मनसोक्त रागावता तरी आले असते.

परदेशी माणसाने जकातीची तक्रार करू नये, असे कोणी म्हणेल. परंतु आमच्या पूर्वजांचे 1579 साली बांधलेले सेंट जॉन द बाप्टिस्टचे देऊळ, जे साथीच्या भयाने 1840 मध्ये सोडून गावकरी मरोळला आले, त्याचे भग्नावशेष आज अंधेरीच्या सीप्झ या विशेष आर्थिक क्षेत्राच्या कुंपणात आहेत. आणि 2005 च्या कायद्यानुसार असे विशेष आर्थिक क्षेत्र जकातीपुरते देशाबाहेरचे समजले जाते! परदेशाची व्याख्या इतकी सैल असेल, तर अंधेरीच्या माणसाने परदेशात गेल्याचा बाऊ तरी कशाला करावा?

त्या वर्षी पंचवीस तारखेला आम्ही कामावर होतो. सण साजरा झाला तो पुढच्या शुक्रवारी, साप्ताहिक सुट्टीला, एका वसईकर, एका मंगळूरकर आणि दोघा मल्याळी सोबत्यांसह. डुकराचे मांस निषिद्ध, म्हणून इंदयाल कोंबडीचे. ताडी दुर्लभ, म्हणून फुग्यांचे पीठ यीस्टवर आंबविलेले. कुलकुले काट्याच्या पाठीवर वळलेले, आणि वळणारे सगळे बाप्ये. इंदयाल अर्थातच पांचट झाले. तरी खरे सांगावयाचे तर, गावठाणात परतल्यावर आयत्या खोक्यांतून कुसवाराचा, म्हणजे नाताळचा, फराळ आणून साजरे केलेले पुढचे कित्येक नाताळ मला त्या शुक्रवारइतके आठवत नाहीत; मग बाटलीची हळहळ इतकी का वाटावी, हे मला उमगत नाही.

परदेशी निघालेल्या तरुणांना मी सांगतो की मसाला प्लास्टिकच्या पाकिटात न्या आणि वर नाव लिहा. आई हयात असती तर हा सल्ला तिने उडवून लावला असता. माझी कॅनडातील सून तर तिकडच्याच दुकानातील तयार मसाला वापरते. गेल्या नाताळात तिने इंदयालाचा फोटो पाठविला, तेव्हा पत्नी म्हणाली, “रंग बरा आलाय हो.”

“रंग मिरचीचा,” मी म्हटले, “दगडफूल घातलंय का ते विचार तिला.”

तिने विचारले नाही.