अठ्ठावीस दिवसांचे सोहेर

स्लॅब पडला की घर झाले, असे साऱ्यांना वाटते. खुद्द स्लॅबला मात्र तसे वाटत नाही. २०२२ च्या एप्रिलात आमच्या घराचा स्लॅब पडला, त्या संध्याकाळी सौभाग्यवतींनी मजुरांना पेढे वाटले आणि अण्णांनी पंचांग उघडले. त्यांचे वय ब्याऐंशी. ज्येष्ठातला मुहूर्त काढून ते म्हणाले, "वास्तुशांत माझ्या डोळ्यांदेखत होऊ दे." भाडे आणि कर्जाचा हप्ता दोन्ही भरणाऱ्या मलाही घाई होतीच.

पाचव्या दिवशी कंत्राटदार म्हणाला, "साहेब, खणखणीत वाळलाय. उद्या टेकू काढतो, वर भिंती उचलतो." टेकू त्याला दुसऱ्या कामावर हवे होते, हे मुकादमाकडून कळले.

वाचकहो, गंमत अशी की काँक्रीट वाळून घट्ट होतच नाही! सिमेंट आणि पाणी यांचा रासायनिक संयोग होऊन ते घट्ट होते. पाणी आधीच उडाले, तर हा संयोग अर्ध्यावर थांबतो. वरचा थर कच्चा राहतो, चिरा पडतात. म्हणून स्लॅबवर छोटे बांध घालून पाणी कोंडतात, खांबांना ओले गोणपाट गुंडाळतात. आय. एस. ४५६ हे भारतीय मानक साध्या सिमेंटला किमान ७ दिवस ओलावा सांगते, राख मिसळलेल्या सिमेंटला १०. कोरड्या उन्हाळ्यात त्याला १४ बरे. टेकूंचा हिशेब निराळा. साध्या सिमेंटच्या स्लॅबखाली साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला ते ७ दिवस ठेवायचे, त्याहून मोठ्याला १४. ताकद मोजतात ती मात्र २८ व्या दिवसाची. सातव्या दिवशी तिचा सुमारे दोनतृतीयांशच भाग आलेला असतो.

आमचा दिवाणखाना पाच मीटरांचा, सिमेंट राखेचे, आणि वर भिंतींचा भार. इंजिनियरने बजावले, "एकवीस दिवस टेकूंना हात लावायचा नाही." म्हणजे मुहूर्त हुकला. अण्णांना हे सांगताना माझी जीभ अडखळली.

त्यांनी पंचांग मिटले. "अरे, मुंजीच्या आधी मुलाच्या खांद्यावर संसार देतात का? श्रावणात बघू."

त्या दिवसापासून रोज सकाळ-संध्याकाळ ते काठी टेकत यायचे आणि खालूनच ओरडायचे, "वर पाणी आहे ना रे?"

श्रावणात वास्तुशांत झाली. अण्णा पाटाशेजारी खुर्ची टाकून बसले होते. दोन महिन्यांचे भाडे जास्त गेले. खर्चाच्या वहीत मी ते 'पाणी' या सदराखाली मांडले आहे.