तकरार आणि तक्रार

आमच्या शाळेच्या संगणक कक्षात भिंतीवर सोळा तोंडांची एक काळी पेटी आहे. तिला स्विच म्हणतात. दिवा लावायचं बटण नव्हे. सगळ्या संगणकांच्या वायरी जिथे एकत्र येतात आणि एकाचा निरोप दुसऱ्याकडे जातो, ती ही पेटी. प्रत्येक तोंडाशेजारी, म्हणजे पोर्टशेजारी, मोहरीएवढा एक दिवा आहे. कित्येक वर्षं मी त्या कक्षात ये-जा करतोय, पण ते दिवे कधी वाचले नव्हते. ते न वाचल्यामुळे मागच्या हिवाळ्यात मी एका मुलावर खोटा आळ घेतला. ती गोष्ट सांगायची आहे.

कोपरगावात थंडीचे दिवस म्हणजे उसाचे दिवस. रस्त्यावर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांची रांग आणि खिडकीतून आत येणारी धूळ. एका शनिवारी दुपारी मी आणि शिपाई मामांनी कक्षाची मुख्य वीज बंद करून साफसफाई केली. जळमटं काढली, वायरी गुंडाळून बांधल्या. सोमवारी सकाळी आठवीचा वर्ग आला. सगळ्यांत आधी आत शिरला तो एक मुलगा, ज्याला यंत्रांचं भारी वेड. त्यानेच बटणं चालू केली. संगणक सुरू झाले, पण इंटरनेट नाही, प्रिंटर नाही, एका संगणकावरची फाइल दुसऱ्यावर दिसेना. शिष्यवृत्ती परीक्षेचे अर्ज शाळेच्या लॉगिनमधून भरायचे होते आणि मुदत बुधवारी संपत होती.

मी त्या मुलाकडे वळलो. ‘‘काय हात लावलास?’’

‘‘मैं हाथ भी नई लगाया, सर.’’

महिनाभरापूर्वी त्याने घरचा रेडिओ उघडून ठेवला होता, हे साऱ्या वर्गाला ठाऊक होतं. मला तेवढा पुरावा पुरला. त्याला वर्गाबाहेर उभं केलं आणि डायरीत लिहिलं, उद्या वडिलांना घेऊन येणे. गावातल्या दुरुस्तीवाल्याला फोन केला. त्याने न येताच सांगितलं, ‘‘स्विच गेला असणार, नवीन घ्या.’’

संध्याकाळी पुण्याला भाच्याला फोन केला. तो एका कंपनीत नेटवर्कचंच काम करतो. मी सगळी कहाणी सांगू लागलो, तर त्याने मध्येच थांबवलं. ‘‘मामू, कोणी काय केलं ते राहू द्या. दिवे काय म्हणतायत ते सांगा.’’

मग तासभर त्याने फोनवरून माझा वर्ग घेतला. बीएड करताना आम्हाला शिकवलं होतं की मूल चुकलं तर आधी ते कुठपर्यंत बरोबर आलंय ते पाहा. त्याची पद्धत तीच होती.

पहिला दिवा विजेचा. तो लागलाच नसेल तर आधी भिंतीचा प्लग आणि अडॅप्टर तपासायचा. लागतो आणि विझतो, पुन्हा लागतो, असं होत असेल तर बहुतेकदा अडॅप्टर थकलेला असतो आणि आपण विनाकारण स्विचला दोष देतो. आमचा दिवा शांत, स्थिर होता. म्हणजे दुरुस्तीवाल्याने मृत ठरवलेली पेटी निदान श्वास तरी घेत होती.

मग पोर्टचे दिवे. दिवा स्थिर असेल तर वायरीच्या दुसऱ्या टोकाला कोणीतरी जोडलेलं आहे. लुकलुकत असेल तर त्या वायरीवरून ये-जा चालू आहे. विझलेला असेल तर त्या टोकाशी बोलणंच नाही. संगणक बंद असूनही कधी दिवा लागलेला दिसतो, कारण आतल्या नेटवर्क कार्डाला थोडी वीज मिळत राहते. रंगाचं गणित प्रत्येक कंपनीचं वेगळं, ते पेटीवरच छापलेलं असतं. आमच्या पेटीवर हिरवा म्हणजे एक हजार मेगाबिटचा वेग आणि नारिंगी म्हणजे शंभर किंवा दहा.

मी स्टुलावर चढून वाचू लागलो. सात नंबर विझलेला. भाचा म्हणाला, ‘‘एका वेळी एकच गोष्ट बदला. आधी तीच वायर दुसऱ्या पोर्टमध्ये लावा.’’ तिथेही अंधार. म्हणजे पोर्ट निर्दोष. मग त्या संगणकाला दुसरी वायर लावली आणि दिवा लागला. संगणकही निर्दोष. जुनी वायर हातात घेऊन पाहिली, तर कपाटामागे ती उंदराने कुरतडलेली. दोन गोष्टी एकदम बदलल्या असत्या तर दिवा लागला असता, पण दोष कुणाचा ते कधीच कळलं नसतं.

चार नंबर नारिंगी होता, बाकीचे हिरवे. त्याचंही कारण वायरीतच निघालं. आत आठ तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या. शंभर मेगाबिटला दोन जोड्या पुरतात, हजाराला चारही लागतात. एखादी निळी किंवा तपकिरी तार टोकाशी निसटली, तर यंत्र बऱ्याचदा रुसून न बसता कमी वेगावर काम चालू ठेवतं. वर्गात अशी मुलं असतात. घरी काहीतरी तुटलेलं असतं, तरी हजेरी रोज लावतात, फक्त मंदावतात. आपण त्यांना आळशी म्हणतो.

पण खरा रोग वेगळाच होता. सात नंबर सोडला तर लागलेले सगळे दिवे एकाच लयीत, वेड्यासारखे लुकलुकत होते. कोणी काही करत नसताना. भाच्याने विचारलं, ‘‘बाहेरून येणारी इंटरनेटची वायर काढली तर?’’ काढली. तरी तसेच. तो हसला. ‘‘मामू, स्विच गेलेला नाही. लूप आहे. एक-एक वायर काढा आणि बाकीचे दिवे शांत होतात का बघा.’’

लूप म्हणजे काय ते त्याने समजावलं. एखादा संगणक सगळ्यांना उद्देशून हाक मारतो, की अमुक पत्ता कुणाचा? स्विच ती हाक आली त्या तोंडाशिवाय बाकी सगळ्या तोंडांतून बाहेर पाठवतो. आता एकाच वायरीची दोन्ही टोकं त्याच स्विचमध्ये असतील, तर एका तोंडातून गेलेली हाक दुसऱ्यातून परत आत येते, स्विच तिला नवीन समजतो आणि पुन्हा सगळीकडे पाठवतो. अशा निरोपावर शिळं झाल्याची काही खूण नसते, त्यामुळे तो आपणहून मरत नाही. क्षणात त्याच हाकांनी रस्ते तुंबतात आणि कामाच्या निरोपाला जागा उरत नाही.

हे ऐकताना मला आमचा एक जुना शब्द आठवला. तकरार. अरबीत त्याचा अर्थ पुन्हा पुन्हा होणं. उर्दूत तो पुनरुक्तीसाठी येतो आणि हुज्जतीसाठीही. मराठीत येता येता त्याची तक्रार झाली. त्या काळ्या पेटीत तकरार चालली होती आणि मी बाहेर तक्रार करत बसलो होतो.

मोठ्या स्विचमध्ये यावर इलाज असतो. रेडिया पर्लमन या संगणकतज्ज्ञ बाईंनी 1985 मध्ये अशी रीत शोधली, की स्विच एकमेकांशी बोलून फेऱ्यात अडकवणारा रस्ता स्वतःच बंद ठेवतात. ती रीतही हद्दीबाहेर ताणली तर तुटते. नोव्हेंबर 2002 मध्ये बोस्टनच्या बेथ इस्राएल डीकनेस या मोठ्या रुग्णालयाचं जाळं अशाच फेऱ्यात अडकून चारेक दिवस कोलमडलं आणि डॉक्टरांना पुन्हा कागदावर यावं लागलं. आमच्या साध्या पेटीत तर ती सोयच नाही.

मी वायरी काढू लागलो. एक, दोन, तीन. दिवे तसेच. पंधरा नंबरची काढली आणि बाकीचे सगळे दिवे एकदम निवांत झाले, मुख्याध्यापक आल्यावर वर्ग होतो तसे. ती वायर हाताने चाचपत गेलो. हातभर लांब, निळी. तिचं दुसरं टोक चौदा नंबरमध्ये होतं.

तेव्हा मला शनिवार आठवला. चौदा नंबरमधून एक मोकळं टोक लोंबत होतं, तिथला संगणक दुरुस्तीला गेला होता. मला लोंबतं काही बघवत नाही. मीच ते टोक शेजारच्या रिकाम्या तोंडात खोचून दिलं होतं. वीज बंद होती, म्हणून तेव्हा काही दिसलं नाही. सोमवारी वीज आली ती त्या मुलाच्या हाताने.

फोनवर मी काही बोललो नाही. भाचा विचारत राहिला, ‘‘मामू, झालं का?’’ झालं होतं.

मंगळवारी सकाळी मी वर्गात जाण्याआधीच मुलाचे वडील दारात उभे होते. ते बाजार समितीत हमाली करतात, म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेलीच. मी तोंड उघडायच्या आत ते म्हणाले, ‘‘सर, कितना खर्चा है बोलो. थोडा थोडा करके देता मैं.’’ शेजारी मुलगा खाली मान घालून. त्याच्या गालावर रात्रीच्या माराची खूण होती. ती माझ्या डायरीतल्या एका ओळीची होती.

मी दोघांना आत नेलं. आळ सगळ्या वर्गासमोर घेतला होता, म्हणून माफीही सगळ्या वर्गासमोर मागितली. ती निळी वायर दाखवली आणि सांगितलं की ही मी खोचली होती. वडील अवघडले, ‘‘जाने दो सर’’ म्हणाले. मुलगा काही बोलला नाही. चार-पाच दिवस तो माझ्याशी कामापुरतंच बोलला, आणि तो त्याचा हक्क होता. अर्ज बुधवारी दुपारपर्यंत भरून झाले, त्यात त्याचाही होता.

या दिव्यांची एक मर्यादाही भाच्याने सांगितली होती. पोर्टचा दिवा फक्त आपल्या वायरीच्या दुसऱ्या टोकापर्यंतच बघतो. सगळे दिवे हिरवे असूनही इंटरनेट नसू शकतं, कारण दोष पुढे राऊटरमध्ये किंवा गावाबाहेरच्या लाइनमध्ये असेल. दिवा जेवढं बघतो तेवढंच सांगतो. मी मात्र न बघितलेलं सांगत होतो. त्याला आमच्याकडे बदगुमानी म्हणतात, आणि हा शब्द मी दरवर्षी फळ्यावर लिहून अर्थासकट शिकवतो.

आता त्या पेटीखाली एक तक्ता लावलाय, मराठीत आणि उर्दूत. कोणता दिवा काय सांगतो, आधी काय तपासायचं, एका वेळी एकच वायर. अक्षर त्या मुलाचं आहे. शेवटची ओळ मी सांगितलेली नव्हती, ती त्याने आपणहून लिहिली: ‘‘पहले लाइट देखो, फिर लड़के को.’’

मी ती पुसली नाही.