शिक्षण परिषदेतला मोकळा तास

‘प्रत्येक मूल शिकलं पाहिजे’ हा २०१५च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमाचा आग्रह योग्यच, पण ते कसं, हा पेच शिरपूरच्या पाड्यावर पावरी बोलणाऱ्या पहिलीच्या पोरासमोर उभ्या शिक्षकाचा. तिथे वरून आलेल्या प्रशिक्षणापेक्षा चोपडा-यावलकडे तोच पेच सोडवलेला सहकारी जास्त उपयोगी पडतो. हातच्याच्या वजाबाकीत काड्यांचा गठ्ठा नेमका कधी सोडायचा, हे दुसऱ्याच्या वर्गात बसूनच कळतं. वेळ कुठे आहे, माहिती भरण्यातच दिवस जातो, असं शिक्षक म्हणतात. खरंच आहे ते! म्हणूनच शाळासमूह केंद्राच्या शिक्षण परिषदेतल्या सूचना व्हॉट्सॲपवर पाठवाव्यात आणि तो वेळ एकमेकांच्या पाठांना द्यावा. सहकाऱ्याची नजर तपासणीसारखी बोचेल, ही भीतीही रास्त. तेव्हा पाठ पाहताना केलेल्या नोंदी केंद्रप्रमुखांच्या अहवालात जाऊच नयेत.