लव्हाळ्याची काडी

लहानपणी चतुराच्या शेपटीला दोरा बांधून तुम्हीही कधी उडवला असेल. आम्ही त्याला हेलिकॉप्टर म्हणायचो. पुढे गळ्यात माळ आली, दोरा सुटला. हातात कॅमेरा आला तेव्हा वाटले, आता आपण कुणाला बांधत नाही, नुसते पाहतो.

चतुराचा फोटो काढायला घाई चालत नाही. तो उडाला तरी मागे पळू नये. पुष्कळदा फिरून त्याच काडीवर येऊन बसतो. त्याच्या एकेका डोळ्यात हजारो बारीक भिंगे असतात, मागचेही बरेच दिसते. त्याच्यापासून लपणे व्यर्थ. खाली बसावे, आपली सावली त्याच्यावर पडू देऊ नये आणि हलू नये. भर उन्हात तो शेपूट सूर्याकडे उभी धरतो, अंगावर ऊन कमी पडावे म्हणून. मला आधी तो नमस्कारच वाटला होता. भाविकाला सगळीकडे तेच दिसते, चालायचेच!

गेल्या वर्षी कोजागिरीनंतरची गोष्ट. काकडा आटोपून गावच्या तळ्यावर गेलो. लव्हाळ्याच्या काडीवर चतुराचे पिल्लू पाण्यातून चढून आले होते. जन्मापासून ते पाण्यातच वाढलेले. पाठीवरची कात फाटून आतून फिकट, ओला चतुर बाहेर आला होता. चुरगळलेले पंख हळूहळू भरत होते. असे दृश्य मला पहिल्यांदाच मिळत होते.

मध्ये एक वाळके पान येत होते. फोटो स्वच्छ येईना. मी दोन बोटांनी काडी जराशी वाकवली.

तो सुटून चिखलात पडला. मी अलगद उचलून परत काडीला लावला. पण ओले पंख एकदा दुमडले की तसेच वाळतात. ऊन वर आले. पलीकडच्या काडीवरचा, त्याच रात्री निघालेला चतुर उडून गेला. हा नुसता थरथरत राहिला. मी बराच वेळ बसलो. करण्यासारखे काही नव्हते.

पडण्याआधी टिपलेला एक फोटो फार सुरेख आला. दिंडीतल्या मंडळींना दाखवला. "काय देवाची करणी!" म्हणाले सगळे. माझी करणी मी सांगितली नाही. ती आज तुम्हाला सांगतो आहे.

तळ्यावर अजून जातो. पान आड आले तर आडच राहू देतो. फोटो बरेच वाया जातात.