डिकीतली वाकळ

मोटारीची डिकी म्हणजे घरातला माळा. पाहुण्यांना तो कोणी दाखवीत नाही, आणि आपणही तिथे चढतो ते बहुधा दुसऱ्याच कशाच्या तरी शोधात.

बाबांची फियाट माझ्या वाट्याला आली ती काही कोणाच्या प्रेमापोटी नव्हे. दादाच्या पुण्याच्या इमारतीत ती उभी करायला जागा नव्हती, एवढेच. 1967 सालची ही अकराशे डिलाइट, कुर्ल्याच्या प्रीमिअर कारखान्यातली. बाबा 1998 साली गेले, तेव्हापासून ती साताऱ्याच्या घरामागे पत्र्याच्या छपराखाली उभी होती. पुढे 2021 साली सरकारने नियम काढला, की पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटलेली आणि मूळ रूपात राखलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येईल. तेव्हा दादाला तिच्याविषयी एकाएकी जिव्हाळा वाटू लागला. इंजिन, ब्रेक, रंग यांविषयी त्याने फोनवरून भरपूर मते दिली. पैसे मी दिले.

शेवटी राहिली डिकी. तिला आतून अस्तर कशाचे लावायचे? दादाचे म्हणणे, मऊ लवेचा गालिचा. बघणाऱ्यावर छाप पडते. माझ्या मनात तागाचा नमदा होता, कारण तो स्वस्त आणि सामानाचा खडखडाट जिरवणारा. शेजारच्या काकांनी हार्डबोर्ड सुचवला. तो त्यांच्याकडे शिल्लक होता.

कुशनवाल्या चाचांनी यांतले काहीच मानले नाही. सत्तरी उलटलेला हा माणूस. त्यांनी गालिच्याचा तुकडा घेतला, त्यावर पेलाभर पाणी ओतले आणि चहा पिऊन होईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. मग तो तुकडा माझ्यासमोर पिळला.

"ताई, रबराचं बीडिंग नवं घातलं तरी साताऱ्याचा पाऊस वाट काढतो. जे पाणी पितं, ते पत्र्याला खातं."

गालिचा काय, नमदा काय, दोघेही पाणी धरून ठेवतात. वरून कोरडे दिसतात आणि खाली पत्रा महिनोन्‌महिने ओलाच राहतो. हार्डबोर्ड ओल लागली की पापडासारखा फुगतो. काथ्यातून निदान वारा खेळतो. पण त्याचे तंतू गळत राहतात आणि सामानाला चिकटतात. चाचांचा कौल असा : बाजूंना मरीन प्लायवर रेक्झिन, आणि तळाला सुटी रबरी चटई. सोल्युशनचा एक थेंबसुद्धा तळाला नको. पावसाळ्यात चटई उचलायची, पत्रा पुसायचा, पुन्हा टाकायची.

"पण आधी जुनं काढू," असे म्हणून त्यांनी बाबांच्या वेळची चटई उपसली. खाली लगदा झालेले कापड होते. त्याखाली पेचकस टेकवला, तो सरळ जमिनीला लागला. तळाला वीतभर भोक! लगद्यातून चाचांनी एक पट्टी सोडवली. हिरव्या लुगड्याचा तांबडा काठ. त्यावर धावदोऱ्याचे टाके अजून शाबूत. आईची वाकळ.

ती पट्टी मी कागदात गुंडाळून घरी आणली खरी, पण आईला दाखवावी की नाही, या विचारात दोन दिवस गेले. शहाऐंशी वर्षांच्या बाईला कसे सांगायचे, की तुझ्या वाकळीने बाबांची गाडी खाल्ली? तिसऱ्या दिवशी ती मेथी निवडत बसली असताना कागद पुढे ठेवला. तिने काठावरून बोट फिरवले.

"ही कुठं मिळाली?"

"डिकीत. तूच दिली असशील बाबांना."

"मी नाही दिली," आई म्हणाली. "ही चोरीला गेली होती."

1974 सालची गोष्ट. वाकळ भिंतीवर वाळत होती, ती संध्याकाळी नाहीशी झाली. त्याच आठवड्यात धुण्याच्या बाईने बाळंतपणाला आलेल्या लेकीसाठी एक जुनी वाकळ मागितली होती आणि आईने नाही म्हटले होते.

"मी चोर नाही म्हटलं गं. नुसतं विचारलं. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून आली नाही."

आंब्याचे दिवस होते. बाबा कुंभार्ली घाटाने कोकणात उतरत. पेट्यांखाली घालायला त्यांनी हाताशी आली ती उचलली असणार. बाबा वकील. अशिलांच्या तारखा त्यांना तोंडपाठ असत. घरात काय हरवले, कोण यायचे थांबले, हे त्यांना कोणी सांगितले असते तरी ऐकू गेले असते की नाही, देव जाणे. आई त्या दिवशी जेवली नाही.

डिकीचे काम तीन आठवडे चालले. गंजलेला भाग कापून नवा पत्रा जोडला, रेड ऑक्साईडचे दोन हात दिले, वर काळा रंग. गालिचा नाही म्हणून दादा रुसला, तो अजून रुसलेलाच आहे. काम झाल्यावर आईला अंगणात आणले. तिने रबरी चटई दाबून पाहिली, कडेचे रेक्झिन चाचपले. तिच्या काखेत घडी घातलेली नवी वाकळ होती. स्वतःची दोन लुगडी देऊन शिवून घेतलेली.

"आई, आत कापड घालायचं नाही म्हणून तर एवढा खटाटोप केला!"

"डिकीत घालायला नाही आणली," ती पुढचे दार उघडत म्हणाली. "ती बाई कधीच गेली. तिची लेक गोडोलीला असते. मी विचारून ठेवलंय. तू गाडी काढ."